रोहित उडाले की उडवले?

(पडद्यावर: अंधार. वल्ह्याचा पाण्यातला आवाज. दूरवर हंसांसारखा कलकलाट.)

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण. तिथून आत वळलं की कुंभारगाव, आणि गावाच्या पुढ्यात उजनीचा फुगवटा. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. पावसाळ्यानंतर तुडुंब असलेलं पाणी आवर्तनं सुटत जातात तसं ओसरतं, कडेची गाळपेर जमीन उघडी पडते आणि मधे घोटाभर, गुडघाभर पाण्याचे पट्टे उरतात. या उथळ पाण्यासाठीच रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, इथे येतो. चोच उलटी करून, डोकं खाली घालून तो पाणी गाळतो. पाणी खोल असेल तर त्याचं इथे काही काम नाही. म्हणून नोव्हेंबरात आलेल्या माणसाला मोजकेच पक्षी दिसतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये थवे.

(पडद्यावर: होडीत बसलेली माणसं, मांडीवर लांब लेन्स.)

होडी चालवणारे इथलेच मच्छीमार. कोणता पट्टा किती खोल आहे, काल थवा कुठे होता, हे त्यांना कुठल्याही नकाशापेक्षा जास्त माहीत असतं. होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. इंजिनाची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते, आणि शेजारच्याने कूस बदलली तरी चौकट हलते. होडीच्या काठावर बीन बॅग ठेवायची, नाहीतर खाली फळीवर बसून कोपर गुडघ्यावर टेकायचं. खाली बसण्याचा दुसरा फायदा मोठा आहे. लेन्स पाण्यापासून हातभर उंचीवर आली की पक्ष्याच्या मागची जमीन दूर जाते, पुसट होते. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे नुसतं चिखलाचं पाणी येतं, आणि तेही बऱ्यापैकी स्पष्ट.

आता आकडे. बसलेल्या किंवा चरणाऱ्या पक्ष्यासाठी शटर १/१००० सेकंद, कारण पक्षी स्थिर असला तरी होडी नसते. उडणाऱ्या रोहितासाठी १/२०००. नदी सुरय पक्षी पाण्यावर सूर मारत असेल तर १/३२००, त्याखाली पंखांची टोकं पुसली जातात. शटर आणि अॅपर्चर आपण ठरवायचं, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद, कॅमेऱ्यावर सोडायचा. सूर्य वर येण्याआधी एफ ६.३ ला (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं त्याचा आकडा) १/२००० ठेवलं तर आयएसओ ६४००च्या पुढे जातो. तिथे हट्ट सोडून शटर खाली आणावं आणि चरणारे पक्षी टिपावेत. कोवळं ऊन अंगावर आलं की तोच आकडा हजाराच्या आसपास उतरतो. उड्डाणाची वेळ तेव्हाची.

पांढऱ्या पक्ष्यापाशी कॅमेरा फसतो. रोहित दुरून गुलाबी वाटला तरी अंगाने बराचसा पांढराच असतो. खरा लाल रंग पंखाखाली लपलेला असतो, म्हणून तर त्याला अग्निपंख म्हणतात. मागे गडद पाणी असलं की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर त्या गडदपणाला उजळायला जातो आणि पक्ष्याच्या पाठीवरची पिसं जळून सपाट पांढरी होतात. अशा वेळी एक्सपोजर ०.७ ते १ स्टॉप कमी करायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). उलट फिकट आकाशासमोर पक्षी काळवंडतो, तिथे एक स्टॉप, कधी दीड, वाढवायचा. जळालेलं पिस संगणकावर परत येत नाही. काळवंडलेलं थोडंफार येतं, पण दाणे (नॉइज) घेऊन.

(पडद्यावर: चित्रबलाकाचा जवळून फोटो. चोच स्पष्ट, डोळा पुसट.)

फोकसची गोष्ट. ६०० मिलिमीटरची लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा, एफ ६.३. पक्षी २० मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारी पट्टी साधारण ४० सेंटिमीटरची. तोच पक्षी १० मीटरवर आला तर जेमतेम १० सेंटिमीटर. चित्रबलाकाची चोच एकटीच त्याहून लांब. म्हणजे त्याने तोंड आपल्याकडे रोखलं की चोचीचं टोक स्पष्ट आणि डोळा पुसट, किंवा उलट. म्हणून मान थोडी तिरकी होईपर्यंत थांबायचं. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस असतो. एकट्या पक्ष्यावर तो उत्तम चालतो, थव्यात मात्र एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर उड्या मारतो. थव्यासाठी लहान चौकोन निवडून पुढच्या पक्ष्यावर धरून ठेवलेला बरा.

याच कॅमेऱ्यांतलं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर सोयीचं खरं, पण ज्यांचा सेन्सर सावकाश वाचला जातो त्यांत फडफडणारा पंख वाकडा येतो. वरची ओळ आधी वाचली जाते, खालची नंतर, आणि मधल्या वेळात पंख खाली आलेला असतो. फोटो स्पष्ट असूनही पक्षी मोडल्यासारखा दिसतो.

साडेनऊ वाजले की पाण्यावर आणि चिखलावर हवा थरथरायला लागते. लेन्स कितीही महागाची असो, ५० मीटरवरच्या पक्ष्याची पिसं आता सुटी दिसणार नाहीत. दर वर्षी कितीतरी जण याच फोटोंवरून लेन्स बिघडली असं समजून ती दुरुस्तीला देतात. उपाय एकच, अंतर कमी असेल तरच बटण दाबायचं. अंतर कमी करायला मात्र होडी पुढे न्यायची नाही.

(पडद्यावर: रोहितांचा थवा. माना खाली. मग एक मान वर. मग चार.)

इथे जरा थांबून पाहा. थवा चरतो आहे, सगळ्या माना खाली आहेत. होडी जवळ येते. कडेच्या दोन-चार पक्ष्यांच्या माना वर होतात, चरणं थांबतं. पहिली खूण हीच. होडी थांबवायची, इंजिन आधीच बंद हवं, बांबूही टेकवायचा नाही. पाच-दहा मिनिटांत माना परत खाली गेल्या तर आहोत तिथेच बरं चाललंय. दुसरी खूण, सगळा थवा एकाच दिशेने चालायला लागतो, आपल्यापासून दूर, आणि आवाज वाढतो. आता नुसतं थांबून भागत नाही, मागे सरायचं. याच्या पुढची पायरी म्हणजे धाव आणि उड्डाण. रोहिताला जागच्या जागी उठता येत नाही, पाण्यावर बरीच पावलं पळावं लागतं. चरायच्या वेळात असं चार-सहा होड्यांनी चार-सहा वेळा पळवलं तर थवा तो पट्टाच सोडतो. मग नावाडीही हताश आणि त्याचं गिऱ्हाईकही.

स्वतःहून उडणारे रोहित मिळत नाहीत असं नाही. ते एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर जातातच, पाच-दहाच्या टोळीने. पक्षी वाऱ्याला सामोरा जाऊन उठतो आणि वाऱ्याला सामोराच उतरतो. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीवर येतील अशी होडी लावायची. उतरणारा पक्षी मग तोंड आपल्याकडे करून, पाय पुढे सोडून, लाल पंख पूर्ण उघडून येतो. बाकीचा थवा मागे निवांत चरत असतो.

(पडद्यावर: संगणकाचा पडदा. फोटोंची लांबलचक रांग.)

संध्याकाळी हजार-दीड हजार फोटो उतरवले जातात. स्पर्धेसाठी निवड करताना आधी डोळा बघायचा, बाकी सगळं नंतर. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका नसेल तर पक्षी पेंढा भरल्यासारखा वाटतो. मग पंखांची टोकं चौकटीत आहेत का, दोन पक्ष्यांची शरीरं एकमेकांत मिसळली आहेत का, प्रतिबिंबाची मान कापली गेली आहे का. क्रॉप केल्यावर लांब बाजूला तीन-चार हजार पिक्सेल उरलेले बरे, कारण पुढच्या फेरीत मोठी फाइल मागितली जाऊ शकते.

दाणे घालवणारी नवी सॉफ्टवेअरं कामाची आहेत, पण पूर्ण जोरावर चालवली की पिसांचं प्लास्टिक होतं, नाहीतर जिथे काही दिसत नव्हतं तिथे ती स्वतःच्या मनाने पिसं काढून ठेवतात. फोटो आधी लहान करायचा, धार नंतर लावायची. उलट क्रमाने केलं की पक्ष्याभोवती पांढरी किनार उमटते आणि परीक्षकाला ती पक्ष्याच्या आधी दिसते. शेवटी रंगांची जागा (कलर स्पेस) एसआरजीबी ठेवून जेपीईजी काढायची. हे विसरलं की ब्राउझरमध्ये अग्निपंखाचा लाल विटका होतो. ऑनलाइन स्पर्धेत याची चूक इतकी सर्रास आढळते की फिका रोहित दिसला की अनुभवी परीक्षकाला आधी तीच शंका येते.

(पडद्यावर: अंधारी खोली, एक मॉनिटर, बाजूला गुणांचा तक्ता.)

आता परीक्षकाच्या खुर्चीतून पाहू. नावं झाकलेली. पहिल्या फेरीत एका फोटोला काही सेकंदच मिळतात, ठेवायचा की काढायचा एवढंच ठरतं. दुसऱ्या फेरीत गुण. समजा तीन परीक्षक आहेत आणि प्रत्येकी ५ पैकी गुण. एका फोटोला ५, ५ आणि १ मिळाले, दुसऱ्याला ४, ४ आणि ३. बेरीज दोघांचीही ११. पण पहिल्या फोटोवर कुणीतरी बोलायला हवं, कारण १ देणाऱ्याला काय खटकलं ते बाकी दोघांना दिसलेलं नसेल. नुसत्या बेरजेवर चालणाऱ्या स्पर्धेत कुणालाच न खटकणारे, सुबक, कंटाळवाणे फोटो वर येत राहतात. लाइक मोजणाऱ्या स्पर्धांबद्दल न बोललेलंच बरं, तिथे ओळखीपाळखी मोजल्या जातात.

क्रमाचाही परिणाम होतो. सलग चाळीस रोहित पाहिल्यावर एकेचाळिसाव्याला न्याय मिळत नाही. म्हणून चांगले आयोजक आधी वीसेक नमुन्याचे फोटो दाखवून परीक्षकांची पट्टी जुळवून घेतात आणि मग फोटो मिसळून दाखवतात.

निसर्ग विभागाचे नियम बाकी विभागांहून कडक. फियाप, पीएसए आणि आरपीएस या छायाचित्रणातल्या तीन आंतरराष्ट्रीय संस्थांची व्याख्या सामाईक आहे, आणि ती अनेक स्पर्धा वापरतात. क्रॉप चालतो, उजेड-सावली थोडी सावरलेली चालते, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढलेले चालतात. चौकटीतली काडी पुसलेली चालत नाही, नसलेला पक्षी आणलेला तर नाहीच. आणि त्यात स्पष्ट म्हटलं आहे की तांत्रिक दर्जा राखून, देखणेपणापेक्षा फोटो निसर्गाबद्दल काय सांगतो याला वजन जास्त. त्यामुळे फोटोखालची ओळही तपासली जाते. गुलाबी चोचीला फक्त टोकाशी काळं असेल तर तो मोठा रोहित. सगळी चोच गडद असेल तर छोटा, ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येने येतो तो. नाव उलट लिहिलं की परीक्षक बाकीचे दावेही संशयाने वाचू लागतो.

संशय घ्यायला कारणं आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २००९चा सर्वोच्च पुरस्कार कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याला मिळाला होता. लांडगा शिकवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि २०१०च्या जानेवारीत तो काढून घेतला गेला. २०१७ साली याच स्पर्धेच्या एका विभागात जिंकलेल्या मुंगीखाऊच्या अंगावरचे पट्टे आणि केसांच्या बटा एका पेंढा भरलेल्या नमुन्याशी ताडून पाहिल्या गेल्या, आणि २०१८ मध्ये तोही बाद झाला. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले.

पक्ष्यांच्या फोटोतल्या खुणा वेगळ्या. घरट्याभोवतीच्या फांद्या ताज्या तोडलेल्या, पिल्लं भर उन्हात उघडी. हा फोटो कितीही सुंदर असो, बाद. भारताच्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची घरटी आणि अंडी विचलित करणं शिकारीच्या व्याख्येतच येतं, आमिष दाखवणंही. खंड्या दरवेळी त्याच काडीवर, त्याच कोनात, अगदी मोजून सूर मारताना दिसला तर काडीखाली मासे सोडलेला टब असू शकतो. कुरवांचा थवा चोची उघडून कॅमेऱ्याच्या अंगावर आलाय? चौकटीबाहेर शेव-गाठ्यांची पिशवी आहे.

(पडद्यावर: रोहितांचं एक भव्य उड्डाण. शंभरेक पक्षी, लाल-काळे पंख, फेसाळ पाणी.)

आणि हा फोटो. पहिल्या नजरेत तिन्ही परीक्षक ५ देतील असा. पुन्हा पाहा. एकही पक्षी चरत नाही, सगळा थवा एकाच क्षणी उठला आहे. सगळ्यांची पाठ आपल्याकडे. गवताचे तुरे डावीकडे झुकलेत, म्हणजे वारा उजवीकडून, पण पक्षी त्याला सामोरे नाहीत, आपल्यापासून दूर पळताहेत. उजव्या कोपऱ्यात पाण्यावर एक तिरकी लाट, पक्ष्यांच्या पावलांची नव्हे.

अंतिम फेरीत रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, मागवली जाते, कधी आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमही. आधीच्या फ्रेममध्ये माना वर आहेत. त्याच्या आधीच्या फ्रेममध्ये थवा चालतो आहे. त्याच्याही आधी, चौकटीच्या कडेला, दुसऱ्या एका होडीचं नाक.