लास वेगासबाहेरचं वाळवंट, तेही उन्हाळ्यात

नमस्कार मंडळी! लास वेगास म्हटलं की कसिनो आणि लाइटिंग एवढंच आठवतं ना, पण गाडी काढून अर्धा तास पश्चिमेला गेलात की मोहावी वाळवंट सुरू, आणि माझ्या मते शहरापेक्षा तेच भारी आहे. आता उन्हाळ्यात वाळवंटात कोण जातं असं म्हणाल, तर दुपारपुरतं तुमचं बरोबरच आहे. ७ जुलै २०२४ ला वेगासमध्ये ४८.९ डिग्री होतं, रेकॉर्ड आहे तो! म्हणून इथे दिवस घड्याळावर नाही, उन्हावर आखायचा.

पहाटेच निघा आणि आधी रेड रॉक कॅनियन करा. एकवीसेक किलोमीटरचा वन-वे रस्ता आहे, गाडीतूनच सगळं दिसतं. वर करड्या चुनखडीचे डोंगर आणि खाली लाल वाळूचा दगड, दिसायला नुसतं सुंदर, पण गंमत अशी की वरचा दगड सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा आणि खालचा १८ कोटींच्या आसपासचा, म्हणजे म्हातारा तरण्याच्या डोक्यावर बसलाय! जमिनीच्या रेट्यानं जुना थर सरकत येऊन नव्यावर चढला, त्याला कीस्टोन थ्रस्ट म्हणतात.

दहानंतर उघड्यावर फिरू नका. सरळ हूवर धरण गाठा, १९३५ साली अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी उद्घाटन केलेलं, आत एसी आहे. बाहेर लेक मीडच्या, म्हणजे धरणानं अडवलेल्या पाण्याच्या तलावाच्या, कडेकडेनं खडकावर पांढरा पट्टा दिसेल, पाणी पूर्वी कुठवर होतं ते त्यावरून कळतं, पाणी उतरलं आणि क्षार तिथेच राहिले. एवढं बघितलं की पुरे, धरणात दिवस घालवू नका.

ऊन कलायला लागलं की नॉर्थशोर रोडनं व्हॅली ऑफ फायर हे लाल दगडांचं पार्क गाठा. हे मात्र निवांत बघा हं. डायनासोरांच्या काळात इथे वाळूचे डोंगर होते, त्यांचाच दगड झाला, लाल रंग लोखंडाच्या गंजाचा, आणि पाण्यानं जिथे लोह धुऊन नेलं तिथे तोच दगड पांढरा-गुलाबी. दगडातल्या तिरक्या रेघा म्हणजे तेव्हाच्या वाऱ्यानं रचलेले वाळूचे उतार, भर दुपारी त्या फिक्या पडतात पण तिरप्या उन्हात एकेक रेघ उठून दिसते. अटलाटल रॉकला जिना चढून गेलात की मूळ रहिवाशांनी कोरलेली चित्रं आहेत, हात लावायचा नाही, तेलकट बोटांनी ती खराब होतात. तिथल्याच फायर वेव्ह नावाच्या खडकाकडे जाणारी पायवाट उन्हाळ्यात बंद ठेवतात, तेव्हा तिच्या भरवशावर जाऊ नका.

पाणी माणशी चार लिटर तरी घ्या आणि थोडं गाडीत जास्तीचं ठेवा, फोनला रेंज जाते. आणि हो, जुलै ते सप्टेंबर तिथे वळवासारखा पाऊस येतो, लांब डोंगरावर पडला तरी कोरड्या ओढ्यातून अचानक लोंढा येतो, तर रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, तिथूनच मागे फिरा!