पंचगंगेच्या काठानं

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै-ऑगस्टात पावसानं जोर धरला की कोल्हापुरात सकाळचा चहा घेताना दोनच प्रश्न निघतात. राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर? आणि राधानगरीचे दरवाजे उघडले काय? एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. हे आकडे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतात. आज या पाण्याचंच थोडं बोलूया.

राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलं की पाण्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो आणि पातळी उतरली की तो आपोआप मिटतो. त्याला वीज लागत नाही, बटण दाबायला माणूस लागत नाही. पाण्याचा रेटा आणि काँक्रिटच्या ठोकळ्यांचं वजन यांचा तोल, एवढ्यावर सगळं चालतं. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी सुटतं. बातमीत आपण नुसतं ऐकतो, "सहा नंबरचा दरवाजा उघडला." पण एकदा तिथं जाऊन तो पांढरा लोट कोसळताना बघाच. समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

हे धरण शाहू महाराजांचं. १८९४ ला ते गादीवर आले आणि दोन-तीन वर्षांतच दुष्काळ पडला. वैरणीविना जनावरं मेली, धान्य महागलं. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी भोगावती उन्हाळ्यात रयतेच्या कामी का येऊ नये, हा विचार तेव्हापासूनचा. फेजिवड्याजवळ नदी अडवायचं ठरलं आणि तिथं वसवलेल्या गावाला महाराजांनी आपल्या लेकीचं, राधाबाई अक्कासाहेबांचं नाव दिलं. काम मोठं, संस्थान लहान. पैशाअभावी बांधकाम मध्येच थांबलं. १९२२ ला महाराज गेले, धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात. आपण लावलेल्या झाडाचं फळ आपल्याला मिळणार नाही हे दिसत असताना राजानं तिजोरी रिकामी करावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आपल्या जिल्ह्यानं महाराष्ट्राला आणखी एक गोष्ट दिली, कोल्हापुरी बंधारा. दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे, पाणी अडवायचं आणि मिरगाच्या आधी बरगे काढून नदीला वाट मोकळी करायची. इतकं साधं काम! ऊस उभा आहे तो या दोन्हींच्या जिवावर.

आणि नदी कोपते तेव्हा? २०१९ चा महापूर आपण सगळ्यांनी सोसलाय. पाणी पंचावन्न फुटांवर गेलं होतं. आमच्या घरात आजी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरनं पाणी मोजायची. "आज दोन पायऱ्या चढलंय," एवढं म्हणाली की आम्ही धान्याची पोती माळ्यावर टाकायला लागायचो. घाटावरची देवळं पावसाळ्यात शिखरापर्यंत बुडतात आणि कार्तिकी पौर्णिमेला पहाटे त्याच पायऱ्यांवर पणत्यांच्या रांगा लागतात.

घाटाला लागूनच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५ च्या आसपास तिथं खोदकाम झालं, तेव्हा सातवाहनांच्या काळातल्या वस्तीत थेट रोमशी व्यापार असल्याच्या खुणा सापडल्या. तिथलीच समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. हातात मावेल एवढीच. उंचावलेल्या हातात कधीकाळी त्रिशूळ असावा, आता नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हा सागराचा देव समुद्र ओलांडून, सह्याद्रीचा घाट चढून आपल्या नदीकाठी आणला. टाउन हॉलच्या बागेत पोरांना खेळायला नेता, तेव्हा पाच मिनिटं आत वळा आणि त्यांना तो दाखवा.

नमस्कार.