कापड तेच, मजुरी वेगळी

भिवंडीत लूमच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मागांच्या कुठल्याही गल्लीत शिरा, खडखडाट एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. चालवणारा बहुतेक यूपी-बिहारकडचा, पाळी 12 तासांची आणि पैसे मीटरवर, म्हणजे लाईट गेली की लूम बंद आणि कमाईपण बंद.

आता गिरणगाव बघा. परळ-लालबागच्या गिरणीत साचेखात्यातला (कापड विणायच्या खात्यातला) कायम कामगार 8 तास काम करायचा, वर महागाई भत्ता, पीएफ, ग्रॅच्युइटी. (बदलीवाल्याचे, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्याचे, हाल तेव्हाही होतेच, रोज गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं.)

लोक म्हणतात फरक मशीनमुळे पडला. पण गंमत अशी की भिवंडीतले कितीतरी लूम गिरण्यांनीच काढून टाकलेले, सेकंडहँड घेतलेले! मशीन जुनं, तरी कापड स्वस्त, कारण 1948 चा फॅक्टरी ॲक्ट, म्हणजे कामाचे तास-सुट्ट्या ठरवणारा कायदा, विजेवरच्या कारखान्यात 10 कामगार झाले की लागू व्हायचा, मग काय, एकाच शेडमध्ये भिंती घातल्या, एक गाळा बायकोच्या नावावर, एक भावाच्या, एक मेव्हण्याच्या, आणि प्रत्येकात माणसं 10 च्या आत. त्यात अबकारी (मालाच्या उत्पादनावरचा) कर पण तेव्हा गिरणीला जास्त होता, यांना कमी.

18 जानेवारी 1982, कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे जवळपास अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ पाहिजे होती, आणि 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा नको होता, कारण त्या कायद्याने मान्यता एकाच युनियनला, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, म्हणजे कामगार एकाच्या मागे आणि करारावर सही दुसऱ्याची. तिकडे गिरण्यांना कुलूप, पण मालकांचं कापड काही थांबलं नाही, ते पॉवरलूमवर विणून येत होतं. संप रीतसर मागे असा कधी घेतलाच नाही.

मग 2005 उजाडलं, कपड्याच्या निर्यातीवरचे जागतिक कोटे (कुठल्या देशाने किती माल पाठवायचा याच्या मर्यादा) उठले, गाठ थेट चीनशी. हवेच्या झोताने धागा फेकणारा एअरजेट लूम मिनिटाला 600 च्या वर पिक (आडवे धागे) टाकतो, साधा लूम दीडशेच्या आसपास. बाजारात दोन्ही कापडं शेजारी-शेजारी, तेव्हा साध्या लूमवाल्याला भाव पाडावाच लागतो, आणि तो पाडतो कुठून? तर मीटरच्या मजुरीतून.

नोव्हेंबर 2025 मध्ये नवीन लेबर कोड लागू झाले. त्यात 10 चा आकडा 20 केलाय, म्हणजे आता शेडमध्ये भिंतीपण कमी लागतील.