‘गिव्ह अप’ म्हणजे नक्की काय सोडायचं?

[दृश्य: जुनं चर्मपत्र, तपकिरी शाई. कॅमेरा एका ओळीवर येऊन थांबतो.]

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात एक हस्तलिखित आहे. पीटरबरोच्या मठातल्या भिक्षूंनी लिहिलेली ही बखर ११५४ सालाशी येऊन संपते. त्या काळी इंग्लंडचा दरबार फ्रेंच बोलत होता, विद्वान लॅटिन लिहीत होते. या मठात मात्र लोकांच्या रोजच्या इंग्रजीत लिहिणं चालू राहिलं.

त्यात राजा स्टीफनची एक हकिकत आहे. त्यानं ऑक्सफर्डला सभा भरवली आणि सॉल्झबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि चान्सेलर, म्हणजे राजाच्या कचेरीचा प्रमुख, रॉजर अशा तिघांना पकडून कैदेत टाकलं. कधीपर्यंत? भिक्षू लिहितो, ‘टिल ही याफन अप हिअर कॅसल्स’. त्यांनी आपापले किल्ले देऊन टाकेपर्यंत. ही घटना ११३९ची, बखरकारानं ती ११३७च्या नोंदीत घातली आहे. त्यातला डिव्हायझेसचा किल्ला तर चान्सेलरला फाशी देण्याची धमकी दिल्यावरच उघडला.

हे ‘याफन अप’ म्हणजेच आपलं ‘गेव्ह अप’. शब्दकोशात ‘गिव्ह अप’समोर आपण ‘सोडणे’ वाचतो आणि पुढे जातो. इथे मात्र त्याच्या मुळाशी एक किल्ला आहे, तो घ्यायला आलेला राजा आहे, आणि मनाविरुद्ध घडलेलं देणं आहे.

[दृश्य: फळ्यावर खडूनं लिहिलेले शब्द: आहार, विहार, प्रहार, संहार.]

मग हे ‘अप’ आलं कुठून? जुनी इंग्रजी बरीचशी संस्कृतसारखी वागायची. एकाच ‘हृ’ धातूला पुढून उपसर्ग लावला की आपल्याकडे आहार होतो, प्रहार होतो, संहार होतो. जुन्या इंग्रजीतही सोडून देण्यासाठी ‘ऑफगिएफन’ असं क्रियापद होतं, म्हणजे ‘देणे’च्या आधी लावलेला उपसर्ग. पुढे हे उपसर्ग झिजले आणि ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ असे छोटे शब्द क्रियापदाच्या मागे येऊन उभे राहिले. या बदलात उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांच्या भाषेचाही हात होता, असं बरेच अभ्यासक मानतात. पीटरबरो त्यांच्याच वस्तीच्या पट्ट्यात येतं. ‘गिव्ह’मधला आजचा कणखर ‘ग’ही त्यांच्याकडूनच आला असं समजतात. भिक्षूच्या लेखणीत तो अजून मऊ ‘य’ होता.

परक्या माणसाला ही जोडी किती छळते, हे सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं. क्रियापद आणि त्यामागचा छोटा शब्द, या जोडीला दिलेलं ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापून आलं ते १९२५मध्ये, लोगन पिअर्सल स्मिथच्या पुस्तकात. म्हणजे वर्गात जे नाव ऐकून आपल्याला धडकी भरते, ते त्या वस्तूपेक्षा कितीतरी शतकांनी धाकटं आहे.

आता अर्थांकडे येऊ. सिगारेट ‘गिव्ह अप’ केली, म्हणजे सोडली. कोडं सुटेना आणि मूल म्हणालं ‘आय गिव्ह अप’, म्हणजे हरलो बाबा, तूच सांग. गुन्हेगारानं स्वतःला ‘गिव्ह अप’ केलं, म्हणजे तो पोलिसांच्या स्वाधीन झाला. मागे ‘ऑन’ जोडलं की माणसावरची आशा सुटते. डॉक्टर हात टेकतात, आई टेकत नाही, तिथे हे ‘गिव्ह अप ऑन’. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये अब्राहम ‘गेव्ह अप द गोस्ट’. इथला ‘गोस्ट’ भूत नव्हे, तो जुन्या अर्थानं आत्मा. आपण ‘प्राण सोडला’ म्हणतो, तेच.

व्याकरणाच्या दोनच गाठी सांगते. मागे क्रिया आली तर ती ‘स्मोकिंग’च्या रूपात येते, ‘टू स्मोक’ चालत नाही. आणि ‘इट’सारखं सर्वनाम नेहमी मध्ये बसतं. २०१५मध्ये गॅसचं अनुदान सोडण्यासाठी केंद्र सरकारनं मोहीम काढली होती, तिचं नाव आठवा: ‘गिव्ह इट अप’. तेवढं लक्षात राहिलं तर नियम पाठ करायला नको.

‘गिव्ह इन’शी मात्र गल्लत करू नका. चर्चिल २९ ऑक्टोबर १९४१ला हॅरो शाळेत मुलांपुढे बोलले, ते वाक्य ‘नेव्हर गिव्ह अप’ म्हणून भिंतींवर लावलेलं दिसतं. ते म्हणाले होते ‘नेव्हर गिव्ह इन’. ‘गिव्ह इन’मध्ये समोर कुणीतरी दाब देणारा असतो आणि आपण त्याच्यापुढे वाकतो. ‘गिव्ह अप’ला तसा समोरचा लागतोच असं नाही, ते एकट्यानंही करता येतं. युद्धाच्या त्या वर्षात हा फरक लहान नव्हता.

[दृश्य: दस्त नोंदणीचं कार्यालय. स्टॅम्पपेपर, शाईचा पॅड, अंगठ्याचा ठसा.]

समानार्थी शब्द खूप आहेत, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. एडवर्ड आठव्यानं १० डिसेंबर १९३६ला गादी सोडली, तेव्हा कागदावर शब्द होता ‘रिनाउन्स’. ढाक्यात १६ डिसेंबर १९७१ला सही झाली ती ‘सरेंडर’वर. हे फ्रेंच वळणाचे, दरबारी शब्द. ‘फोरसेक’ जुना इंग्रजी, त्यात साथ सोडल्याची बोच आहे. ‘क्विट’ झटपट, नोकरीला शोभणारा. ‘रिलिंक्विश’ लॅटिनमधला, वकिलांचा. आपल्याकडच्या त्या कागदाला म्हणतात हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीवरचा वाटा बहीण भावासाठी सोडते, सही करते. तो वाटा तिनं दिला, की तिच्याकडून गेला? कागद सांगत नाही. मला या एका शब्दात त्या बिशपांचे किल्ले दिसतात.

आणि पुरंदरचा तहही. ११ जून १६६५. तेवीस किल्ले मोगलांकडे गेले. इंग्रजी पुस्तकं तिथे ‘गेव्ह अप’ लिहितात, आपण ‘दिले’ म्हणतो.

मराठीनं सोडण्याच्या किती तऱ्हा सांभाळल्यात! एखाद्या गोष्टीवर पाणी सोडतो, ते दान देताना हातावरून सोडायच्या उदकावरून. घरादारावर तुळशीपत्र ठेवतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडतो. काशीला जाऊन आलेली आजी एखादं आवडतं फळ कायमचं सोडून येते. वसईतल्या ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीच्या उपवासकाळात असंच काही सोडलं जातं, आणि इंग्रजीत त्याला ‘गिव्ह अप’च म्हणतात.

शिवाय आपण नुसतं ‘सोडलं’ म्हणून थांबत नाही. ‘सोडून दिलं’ म्हणतो. ‘देऊन टाकलं’ म्हणतो. इंग्रजीनं ‘गिव्ह’च्या मागे ‘अप’ जोडलं, आपण ‘सोडून’च्या मागे ‘दे’ जोडलं. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, सोडण्याच्या पोटात देणं ठेवलं.

[दृश्य: गर्दीची एसटी. एक मुलगा उठतो, पोतं सांभाळत उभी असलेली म्हातारी बसते.]

इंग्रजीत याला म्हणतील, ‘ही गेव्ह अप हिज सीट’. मराठीत ती म्हातारी घरी जाऊन सुनेला सांगेल, ‘एका पोरानं जागा दिली गं.’