पाकिटावरचं अंतर आणि पायाखालची माती

मंडळी, आपल्या सिल्लोड-फुलंब्रीच्या पट्ट्यात कोरडवाहू मका कसा लावतात हे तुम्हीच मला सांगाल. पाकीट फोडायचं, 60 बाय 20 सेंटिमीटरला दोरी धरायची आणि टोकत सुटायचं. या अंतरानं एकरात 33 हजारांवर झाडं बसतात. शिफारस चुकीची नाही. पण तुमच्या रानात मुरूम किती खाली आहे, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

माझं रान दोन तुकड्यांत आहे. ओढ्याकाठी काळी जमीन, तीन फूट पहार सहज जाते. वर माळ, तिथं फुटाभरात मुरूम खणकतो. 2023 मध्ये दोन्हीकडं एकाच अंतरानं टोकलं. त्या सालचा ऑगस्ट विसरणं शक्य नाही. 1901 पासून देशात एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. माळावरचा मका तोवर गच्च, हिरवागार होता, बघून समाधान वाटायचं. तुराही वेळेवर आला. पण कणसाला केस येईनात. आले तेव्हा तुऱ्यातला पराग झडून गेला होता. एका केसामागं एक दाणा भरतो. मी कणसं सोलत गेलो, बुडाशी पंधरा-वीस दाणे आणि पुढं बोडकं. कित्येक झाडं तर वांझच. खाली ओढ्याकाठी मात्र कणसं बऱ्यापैकी भरली.

कारण साधं आहे. चांगली काळी माती फुटामागं साधारण 45 ते 50 मिलिमीटर पाणी पिकाला देते. तुऱ्यावरचा मका उघडिपीत दिवसाला 6 मिलिमीटरच्या आसपास पाणी ओढतो. म्हणजे फूटभर माती भरलेली असली तरी आठवड्याची शिदोरी; तीन फुटांत तीन आठवड्यांची. आणि दाट पीक ही शिदोरी पानं वाढवण्यातच आधी संपवतं. केस येण्याच्या दहा-पंधरा दिवसांत जे लागतं, ते जुलैतच खर्च झालेलं असतं.

मग माळावर किती झाडं ठेवायची? मी 60 बाय 30 वर आलोय, एकरी साडेबावीस हजार. अमेरिकेत पश्चिम कॅन्सासच्या कोरडवाहू भागात एकरी 14 ते 20 हजारांच्या दरम्यानच झाडं ठेवतात, आणि यंत्रं, संकरित वाण सगळं त्यांच्याकडंही आहे. हिशेब करून बघा. खंड पडला आणि दाट मक्यात झाडामागं 40 ग्रॅम दाणे निघाले, तर 33 हजार झाडांचे 13 क्विंटल. विरळ मक्यात 80 ग्रॅम धरले तर 18.

पाऊस चांगला झाला तर विरळ लावणारा मागं पडेल, हे मी लपवणार नाही. ज्वारी-बाजरी फुटवे काढून जागा भरते. मका तसं करत नाही. कणीस थोडं मोठं होईल, क्वचित दुसरं धरेल, बस. म्हणून ओढ्याकाठी मी आजही 60 बाय 20 च ठेवतो. तिथं विरळ करणं म्हणजे हातचं घालवणं. विरळ रानात तणही जास्त येतं, कोळपणी चुकवून चालत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी. एका जागी दोन झाडं ठेवू नका. बारा-पंधरा दिवसांत विरळणी करा. बाईमाणसांना रोप उपटताना जिवावर येतं, मलाही येतं, पण ती दोन रोपं एकमेकांचंच पाणी पितात. मग मोजा. 60 सेंटिमीटरच्या ओळीत पावणेसात मीटर दोरी टाका, त्यातली झाडं मोजा. जितकी भरतील तितके हजार एकरी. पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी काढा. बांधाजवळचं धरू नका, तिथं नेहमी फसगत होते.

आणि पेरणीआधी, वाफसा आला की, पहार घेऊन रानात चार ठिकाणी ठोका. कुठं खणकते तिथं खूण करा. दोरीचं अंतर तिथूनच बदलायचं.