नजर वर ठेव

(दृश्य: पहाटेचं दादर स्टेशन. कर्जत लोकल येते. मांडीवर काळी बॅग सांभाळत एक मुलगी खिडकीपाशी बसते.)

रविवार आहे. गाडीत गर्दी नाही. या बॅगेत एक ड्रोन, तीन बॅटऱ्या, एक रिमोट आणि वीतभर लांबीची केबल आहे. लालबागहून निघालेले आम्ही तिघं भिवपुरी रोडला उतरणार आहोत. इतका प्रवास करून तिथे एका बॅटरीमागे जेमतेम पंचवीस मिनिटं ड्रोन उडवायला मिळणार.

बॅग सांभाळणारी माझी मावसबहीण. समोर बसलाय तो आमच्या चाळीतला दादा. लग्नाचे व्हिडिओ काढतो. मला कॅमेरा धरायला त्यानेच शिकवलं, आता तिला ड्रोन शिकवतोय.

आपल्या चाळीच्या गच्चीवरूनच का नाही उडवायचा, असं तिने पहिल्या दिवशीच विचारलं होतं. दादाने काही न बोलता तिच्यापुढे फोन धरला. फोनवर डिजिटल स्कायचा सरकारी नकाशा उघडा होता.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर मुंबईचा नकाशा. लाल आणि पिवळ्या रंगाने भरलेला.)

ड्रोन नियमावली 25 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर झाली. देशाचं आकाश तिने तीन रंगांत वाटलंय. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत, वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं. पिवळ्या भागासाठी हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागात फक्त केंद्र सरकारच परवानगी देऊ शकतं. आता मुंबई बघा. मधोमध सांताक्रूझचा विमानतळ. त्याला लागून जुहूची धावपट्टी. खाली कुलाब्याला नौदल, पलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र. एवढ्याशा बेटावर मोकळं आकाश उरणार कुठे? शिवाय ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्यावर बंदी घालणारे मुंबई पोलिसांचे आदेश वेळोवेळी निघत असतात. तेव्हा शहरात परवानगीशिवाय उडवणं म्हणजे थेट गुन्हा.

जुहूचं नाव निघालं की दादा एक गोष्ट हमखास सांगतो. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, याच जुहूला उतरले होते. एका इंजिनाचं छोटंसं पुस मॉथ विमान होतं ते. आज त्याच धावपट्टीवरून हेलिकॉप्टरं उडतात. ती खालून जातात, आपला ड्रोनही खालूनच जातो. म्हणून तिथला लाल रंग मला जाचक वाटत नाही. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाची गर्दी आहे आणि वर साठ मीटरवर एक किलोचा ड्रोन बंद पडला, असं समजा. हवेचा विरोध सोडून हिशोब केला तर खाली पोचेपर्यंत त्याचा वेग ताशी 120 किलोमीटरच्या आसपास जातो. खाली कोणाचं तरी डोकं असतं.

(दृश्य: भिवपुरी रोड स्टेशन. पायवाट. भात कापून झालेली शेतं, मागे डोंगर.)

ओळखीच्या काकांचं शेत आहे. नकाशावर आज इथे हिरवा रंग आहे, हे गाडीतून उतरतानाच बघून घेतलं. तरी दादा आधी काकांकडे जातो.

"काका, उडवू का थोडा वेळ?"

"उडवा की. पण म्हशी आत घेतो आधी. आवाजाला बिथरतात."

म्हशी गोठ्यात जाईपर्यंत आम्ही थांबतो.

(दृश्य: जवळून, हात. रिमोटच्या पकडीत फोन बसवला जातो. केबल जोडली जाते.)

आता फोन. बहुतेकांना वाटतं की फोन म्हणजेच ड्रोनचा रिमोट. हा समज अगदीच निराधार नाही. 2010 मध्ये पॅरट कंपनीचा एआर ड्रोन आला, तो फोननेच उडायचा. ड्रोनच्या स्वतःच्या वाय-फायला आयफोन जोडायचा, फोन पुढे कलवला की ड्रोन पुढे, डावीकडे कलवला की डावीकडे. लोक खुळावले होते त्याच्यासाठी. आजही टेलोसारखे 80 ग्रॅमचे छोटे ड्रोन असेच उडतात. पडद्यावर दोन गोल उमटतात आणि त्यांवर अंगठे फिरवायचे. माझ्या बहिणीने पहिले दोन महिने तोच उडवला, घरात, पलंग भिंतीला लावून आणि पंखा बंद करून. मावशी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी राहायची.

पण काचेवर अंगठा कुठे आहे हे बोटाला कळत नाही. नजर वर गेली की अंगठा त्या गोलावरून घसरतो, मग नजर परत खाली. वाय-फायचा पल्लाही तोकडा. म्हणून मोठ्या ड्रोनसोबत रिमोट येतो, आणि त्याच्या दोन स्टिक बोटांना ढकलून मधे परततात. आमच्या रिमोटवर डावी स्टिक वर-खाली नेते आणि जागच्या जागी वळवते. उजवी पुढे, मागे, आजूबाजूला नेते.

आणि फोन? तो खिडकीचं काम करतो. तुमचा हुकूम रिमोटमधून ड्रोनला जातो, 2.4 किंवा 5.8 गिगाहर्ट्झच्या लहरींवर. ड्रोनला दिसणारं चित्र, उंची, अंतर, बॅटरी, हे सगळं त्याच वाटेने रिमोटला परत येतं आणि केबलमधून फोनवर उमटतं. हुकमाच्या वाटेत फोन लागत नाही. हे वाक्य मी कागदावर वाचलं होतं. पटलं मात्र याच शेतात, तेही घाम फुटल्यावर. ते पुढे सांगतो.

आधी केबल. पहिल्यांदा आलो तेव्हा फोनवर चित्रच येईना. अर्धा तास ॲप उघड, बंद कर, रिमोट उघड, बंद कर. शेवटी कळलं की केबल नुसती चार्जिंगची होती. स्वस्तातल्या कित्येक केबलींमध्ये विजेच्याच तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या नसतातच. फोन चार्ज होताना दिसतो, म्हणून शंकाही येत नाही. त्या दिवशी न उडवताच परत आलो. तेव्हापासून ही वीतभर केबल बॅगेत वेगळ्या पिशवीत असते. तिला दुसऱ्या कामाला कोणी हात लावायचा नाही.

बाकीची तयारी घरूनच. ॲपचं अपडेट घरच्या वाय-फायवर, कारण शेतात उभं राहून "नवीन आवृत्ती डाउनलोड करा" हे वाचण्याइतकं केविलवाणं काही नाही. या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवायचा. इथे आल्यावर फोन एअरप्लेन मोडवर. दादाला एकदा ड्रोन हवेत असताना वधूपित्याचा फोन आला, आणि चित्राच्या जागी भर पडद्यावर त्यांचा हसरा चेहरा. मग उजेड पूर्ण वाढवायचा आणि फोनचं जाड कव्हर काढून टाकायचं.

टॅबलेट बरा की फोन, हे मला पुष्कळजण विचारतात. टॅबलेटवर चित्र मोठं दिसतं, चष्मा असलेल्यांना बरं पडतं. पण मनगट दुखतं, प्रत्येक रिमोटच्या पकडीत तो मावतही नाही. आणि घेण्याआधी एक तपासा. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. ड्रोन स्वतःच्या जीपीएसवर उडेल, पण तुम्ही कुठे उभे आहात हे टॅबलेटला कळणार नाही. "माझ्या मागे ये" सांगितलं तर त्याने कोणाच्या मागे यायचं?

(दृश्य: ड्रोन जमिनीवर, सपाट फळीवर. पाती थांबलेली. ड्रोनला किती सॅटेलाइट सापडले, तो आकडा फोनवर हळूहळू वाढतो.)

इथे घाई करायची नाही. सॅटेलाइटचा आकडा दहाच्या वर जाईपर्यंत आणि होम पॉइंट नोंदला गेल्याची सूचना येईपर्यंत दादा पाती फिरवू देत नाही. होम पॉइंट म्हणजे ड्रोनने लक्षात ठेवलेलं घर. रिमोटचा संपर्क तुटला की तो आपणहून तिथे परततो. पण कोणत्या उंचीवरून परतायचं, हे आपण सांगावं लागतं. तो आकडा ॲपच्या आतल्या पानावर असतो आणि नवखे तिथवर जातच नाहीत. आकडा तीस मीटर, वाटेत चाळीस मीटरचं काही असेल तर ड्रोन इमानदारीने जाऊन त्यावर आदळू शकतो.

इथे वाटेत काय आहे? वर बघा.

(दृश्य: शेतापलीकडून जाणारे विजेचे मनोरे. तारा.)

याच कर्जत भागात भिवपुरीला टाटांचं जलविद्युत केंद्र आहे, 1922 पासूनचं. घाटावरचं पाणी खाली पडतं, त्यातून वीज होते आणि ती मुंबईला जाते. मुंबईच्या कापड गिरण्या ज्या पाण्याच्या विजेवर चालल्या, त्यातली काही इथली. लालबागच्या माणसाला हे ऐकून थोडं वेगळं वाटतं. माझे आजोबा गिरणीत होते.

आता हीच तार फोनवर शोधा. मी कॅमेरा तिकडेच रोखलाय. मनोरा दिसतो, तार दिसत नाही. चित्र रिमोटपर्यंत पोचवायचं तर ते आवळावं लागतं, आणि बोटाएवढी तार त्यात विरून जाते. ड्रोनच्या अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरांनाही बारीक तारा नीट ओळखता येत नाहीत. टॅबलेट घेतला तरी फरक पडत नाही. तार फक्त मान वर केलेल्या माणसाला दिसते. दादा प्रत्येक नव्या जागी आधी चालत फेरी मारतो, हात मागे बांधून. पहिल्यांदा मला वाटलं, हा जागा आवडली म्हणून हिंडतोय.

(दृश्य: ड्रोन उडतो. उतरत्या उन्हाचं जुनं चित्रीकरण. पडदा अचानक काळा.)

हे गेल्या एप्रिलचं. आयफोन वापरताना भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश असावं, असं ॲपल सांगतं. एप्रिलच्या दुपारी कर्जतकडे पारा सहज त्याच्या वर जातो. त्यात फोन उन्हात, उजेड पूर्ण, सतत व्हिडिओ चालू. साडेचारला पडदा आधी मंदावला. मी सावली धरली. पाच वाजता ड्रोन साठ मीटर वर, दोनशे मीटर लांब असताना पडदा काळा झाला आणि तापमापीचं चित्र आलं.

मी काय केलं? काचेवर बोटं आपटत राहिलो. ड्रोनचं चित्र गेलं म्हणजे ड्रोनच गेला, असं माझ्या हातांनी ठरवून टाकलं होतं.

"फोन सोड," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही. "वर बघ. आवाज येतोय ना?"

येत होता. डोंगराच्या निळ्या रंगावर एक ठिपका होता, जागच्या जागी. स्टिक सोडली की ड्रोन जीपीएसवर आहे तिथे थांबतो. मी त्याला विसरलो होतो, त्याने जागा सोडली नव्हती.

"तोंड कुठे आहे त्याचं?"

माहीत नव्हतं. तेवढ्या अंतरावरून ड्रोनचं पुढं-मागं ओळखू येत नाही.

"उजवी स्टिक जराशी पुढे कर. बघ कुठे जातो."

तो डावीकडे सरकला. म्हणजे तोंड डावीकडे. डाव्या स्टिकने त्याला पाव फेरा वळवला, परत पुढे ढकलला, तेव्हा तो लहान होत गेला. म्हणजे पाठ आमच्याकडे. आता उजवी स्टिक मागे. ठिपका मोठा होऊ लागला. रिमोटवर घरी बोलावण्याचं बटण असतं, ते दाबलं असतं तरी आला असता. दादाने मुद्दाम दाबू दिलं नाही. फळीवर नाही, फळीपासून आठ-दहा हात लांब, भाताच्या खुंटांत उतरला. एका पात्याला चीर गेली. फोन मी काकांच्या रांजणाशेजारी सावलीत ठेवला, वीस मिनिटांनी तो जागा झाला.

(दृश्य: आजची सकाळ. मुलगी रिमोट हातात घेऊन उभी. दादा तिच्या फोनवर रुमाल टाकतो.)

म्हणून आज मोठ्या ड्रोनवरचा तिचा पहिला धडा असा. फोन जोडलेला आहे, चालू आहे, पण वर रुमाल. बॅटरीची टक्केवारी मी तिच्या मागे उभा राहून रुमालाखाली डोकावून सांगणार. तिने फक्त वर बघायचं.

ड्रोन वीस मीटरवर जातो. डोंगराकडून वारा आहे. जाताना समोरून येतोय, येताना पाठीशी असेल, हे दादाला हवं तसं आहे. उलटं असलं तर जाताना बॅटरी भरपूर वाटते आणि परतताना पुरत नाही.

"सत्तर टक्के," मी म्हणतो.

एक घार येते. गोल फिरत, पंख न हलवता. ड्रोनला ती आपल्या हद्दीतला परका समजते, कधी झेपही घेते. तिच्यापासून खाली पळायचं नाही, कारण खाली येण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. सरळ वर चढायचं, तितक्या झपाट्याने तिला चढता येत नाही. बहीण डावी स्टिक वर ढकलते. ड्रोन उठतो. घार दोन फेरे घेते आणि कड्याकडे निघून जाते.

"घार कोणी दाखवली तुला?" दादा विचारतो.

"दिसली."

"पन्नास टक्के."

ती परत फिरते. फळीवर उतरायला तिला चार वेळा सरकवावं लागतं. पाती थांबल्यावर ती हात झटकते, स्टिक घट्ट धरून बोटांना मुंग्या आलेल्या असतात. रुमाल काढायला ती विसरली आहे.

काका गोठ्याचं दार उघडतात. म्हशी बाहेर.

(दृश्य: परतीची लोकल. दुपार. खिडकीपाशी तीच मुलगी, मांडीवर बॅग. फोन बॅगेत आहे.)

वांगणी जातं. ती खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून बाहेर बघतेय.

"दादा, ते बघ. त्या शेतावरून तीन तारा जातात. तिथे नाही उडवता येणार."

दादा डुलकी घेतोय. डोळे न उघडता विचारतो, "तीनच?"

ती पुन्हा बघते. गाडी पुढे गेलेली असते.