दोन ताऱ्यांचा राजा

मंडळी, हे समोर ठेवलंय ते शाडूचं ढेकूळ आणि हा तासलेला बोरू. गणपतीसाठी आणलेल्या मातीतली थोडी उरली होती. बोरू ओढायचा नाही, नुसता टेकवून दाबायचा. पाचरीसारखी खाच उमटते, डोकं रुंद आणि शेपूट निमुळती. आता एक आडवी, एक उभी, दोन तिरक्या, सगळ्या एकाच ठिकाणी छेदणाऱ्या. झाला आठ टोकांचा तारा. सुमेरमधल्या, म्हणजे आजच्या दक्षिण इराकातल्या, उरुक शहरात पाच हजार वर्षांपूर्वीच ही खूण लिहिली जात होती. तेव्हा ती मातीत चक्क रेखाटत, पाचरी नंतर आल्या.

सुमेरी माणूस ती 'अन' वाचायचा तेव्हा अर्थ आकाश, किंवा अन नावाचा आकाशदेव. 'दिंगिर' वाचली की कुठलाही देव. गंमत म्हणजे ताऱ्याला ही एकटी पुरत नसे! ती तीनदा एकत्र लिहायची, मग 'मुल', म्हणजे तारा.

पुढे अक्कदी बोलणाऱ्यांनी ही पाचरींची लिपी (क्यूनिफॉर्म) उचलली. त्यांची भाषा अरबी-हिब्रूच्या कुळातली, सुमेरीशी तिचं नातं नाही. तरी निभावलं. आपण '१०' दहा वाचतो, हिंदीवाले दस वाचतात, तसंच. तीच खूण अक्कदीत 'शमू' म्हणजे आकाश, 'इलु' म्हणजे देव. शिवाय अर्थ सोडून नुसता ध्वनीही: कधी 'अन', कधी 'इल'. कुठे काय, ते संदर्भावरून ओळखायचं. शिकणारे रडकुंडीला येतात ते इथेच.

एका शहराचं नाव पाहा: का-दिंगिर-रा-कि. 'का' म्हणजे दार, 'दिंगिर' देव, 'रा'मध्ये सुमेरी षष्ठी, आणि 'कि' ही फक्त 'हे ठिकाण आहे' एवढं सांगणारी खूण. लिहिलं सुमेरीत, वाचलं अक्कदीत: बाब-इलिम, देवाचं दार. तेच बॅबिलॉन.

'कि'सारखंच मुकं काम आपला ताराही करतो. देवाच्या नावाआधी तो लिहायचा, उच्चारायचा नाही. मला त्याचं हेच रूप सगळ्यांत आवडतं.

कारण इसवी सनापूर्वीच्या तेविसाव्या शतकातला अक्कदचा राजा नरामसिन. नावाचा अर्थ 'सिनचा लाडका'. सिन हा चंद्रदेव. त्यामुळे नावाच्या मधोमध, सिनच्या आधी, एक तारा होताच. उत्तर इराकात बासेत्कीला सापडलेल्या तांब्याच्या पुतळ्यावरचा लेख सांगतो की, राज्यावरचं संकट त्याने निभावलं, तेव्हा अक्कदच्या लोकांनी देवांकडे मागणं केलं, ह्याला आमच्या शहराचा देव करा. मग नावाच्या अगदी सुरुवातीला आणखी एक तारा आला. त्याचे आजोबा सार्गोन मोठे विजेते, पण स्वतःच्या नावाआधी त्यांनी तो कधी लावला नव्हता.

हाक मारताना नाव तेच, नरामसिन. लेखात मात्र तारे दोन: एक चंद्राचा, एक राजाचा.